डोळ्यांदेखत फोडलेला गोटा

एकशे साठ डॉलर गेले. त्याचं वाईट वाटणं आता ओसरलंय, पण जीवाश्मांचे बनावट गोटे मला विकणारा तो माणूस अजून विकतोय, म्हणून लिहितो.

शिकागोच्या नैर्ऋत्येला तासाभरावर, ब्रेडवूडच्या आसपास, जुन्या उघड्या कोळसा खाणी आहेत. कोळशावरचा शेलचा, म्हणजे पापुद्र्यांच्या चिखलदगडाचा, थर खणून बाजूला ढीग घातले गेले, आणि त्या ढिगांत सिडेराइटचे, म्हणजे लोहयुक्त दगडाचे, तांबूस गोटे मिळतात. हेच ते मॅझन क्रीकचे जीवाश्म. सुमारे ३१ कोटी वर्षांपूर्वी नदीमुखाजवळच्या चिखलात पान गाडलं गेलं, कुजता कुजता त्याच्याभोवती लोहाचं कार्बोनेट साकळलं आणि पान दगडाच्या डबीत बंद झालं. मॅझोनियाच्या सरकारी क्षेत्रात परवाना काढून आम्ही दोन उन्हाळे गोटे वेचलेत. तिथे वेचायची मुभा १ मार्च ते ३० सप्टेंबर. बाबा नागपूरहून आले ऑक्टोबरात.

बाबांची सगळी नोकरी उमरेडच्या कोळसा खाणीत गेली. ग्लोसोप्टेरिस या नामशेष झाडाची पानं त्यांनी शेलवर ढिगाने पाहिलीत. त्याहूनही जुनं पान त्यांच्या हातात द्यायचं, हे माझ्या डोक्यात बसलेलं. आमच्या घरचे चांगले गोटे मी मुलाच्या शाळेला देऊन टाकले होते. मग ऑनलाइन जाहिरात दिसली: ‘न फोडलेले गोटे, पिट ११, बादलीभर.’ (पिट ११ ही तिथलीच एक जुनी खाण.)

एका दुकानाच्या पार्किंगमध्ये भेटलो. माणूस गोड बोलणारा, साठीचा. मी किंमत घासत होतो, तर म्हणाला, थांब, तुझ्यासमोरच एक फोडतो. बादलीत हात घालून गोटा काढला, हातोडीची एक टिचकी मारली आणि झाले की दोन भाग! आत न्यूरॉप्टेरिसचं सुरेख पान. (दिसतं नेच्यासारखं, पण हे बियांचं झाड, नेचा नव्हे.) बादलीचे शंभर आणि त्या जोडीचे साठ मी हसत हसत मोजले.

माझी अक्कल तिथेच गहाण पडली. आम्ही गोटे हातोडीने सहसा फोडतच नाही. पाण्यात भिजवायचे, फ्रीझरमध्ये गोठवायचे, वितळू द्यायचे, पुन्हा गोठवायचे. कधी पाच फेऱ्यांत उघडतो, कधी वर्षभर ढिम्म हलत नाही. बहुतेक रिकामेच निघतात. आणि इथे एका टिचकीत, तेही बरोबर पानाच्या पातळीवर? मला शंका यायला हवी होती.

बाबांनी जोडी खिडकीपाशी नेली, चष्मा कपाळावर चढवला आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, “अरे, एकीकडे शीर उठून आलीय, तर दुसरीकडे खाच पाहिजे ना? करंजीचा साचा कसा असतो? इथे तर दुसरीकडे नुसतं सपाट आहे.” बायकोचं नेलपॉलिश काढायचं द्रव्य कापसावर घेऊन मी त्या सपाट भागावर फिरवलं. कापूस तपकिरी झाला, पान गेलं. पहिला भाग खरा होता, दुसरा भलत्याच गोट्याचा, रंगवलेला. कडांमधली फट मातीने लिंपली होती.

बादली रात्रभर पाण्यात ठेवली. सकाळी, फ्रीझरचं तोंडही न बघता, त्रेचाळीसपैकी एकोणीस गोटे आपोआप उघडले होते आणि पाणी दुधाळ झालं होतं. बाबांनी वास घेतला. “फेविकॉल!” आपल्या फेविकॉलसारखाच पांढरा गोंद. म्हणजे त्याने सगळे आधीच उघडून पाहिले, चांगले काढून घेतले, रिकामे चिकटवून चिखलात घोळवले. फोन केला तर नंबर ब्लॉक. पावती नाही, पैसे रोख दिलेले.

न फोडलेला म्हणून कुणी गोटा विकत असेल तर त्याचा मध्य ओल्या बोटाने चोळून बघा. जोडी घेताना दोन्ही भाग मिटवून कडा उजेडात धरा. उघडे भाग पुस्तकासारखे शेजारी ठेवले की पानं आरशातल्यासारखी दिसली पाहिजेत. आणि विकणाऱ्याने निवडलेला गोटा फोडू देऊ नका, आपण निवडा.

उरलेले चोवीस अजून फ्रीझरमध्ये, मटारच्या पिशव्यांखाली आहेत. बाबा नागपूरहून दर रविवारी विचारतात, फुटला का? जाहिरात परवा पुन्हा दिसली. फोटोत बादलीच्या अगदी वर एक गोटा ठेवलाय, आणि त्याच्या बरोबर मध्यावर मातीची बारीक रेघ आहे.