पाणलोटाचे काम करून देणारी संस्था : बंधारा पसंत, वर्गणीचा हिशेब नापसंत

लांजा तालुक्यातील आमच्या वाडीने पाणलोटाचे, म्हणजे पावसाचे पाणी अडवून जिरवण्याचे, काम एका सेवाभावी संस्थेकडून करून घेतले. सर्वेक्षण, आराखडा, योजनेचा पाठपुरावा आणि बांधकामावरची देखरेख असे त्या सेवेचे स्वरूप होते. काम गेल्या पावसाळ्याआधी पूर्ण झाले. त्यानंतरचा उन्हाळा पाहून हा अभिप्राय लिहीत आहे.

तांत्रिक बाजू चोख आहे. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडूनही कोकणात वैशाखात टँकर येतो, कारण जांभ्या खडकातून पाणी झिरपून जाते आणि उरलेले उतारावरून थेट समुद्र गाठते. हे ओळखून अभियंत्याने आधी सडा, म्हणजे वरचे कातळाचे पठार, पायी तुडवला, वर चर खणून घेतले आणि मगच पऱ्यावर (ओढ्यावर) फळ्या बसवून पाणी अडवणाऱ्या बंधाऱ्याची जागा ठरवली. एरवी एप्रिलच्या मध्यावर बायका विहिरीच्या तळातले पाणी वाटीने भरत. यंदा त्या सुमारास खालून पाचवी पायरी पाण्यात होती.

खरे कौतुक संमतीपत्रांचे. सड्याच्या सातबाऱ्यावर २२ नावे आहेत आणि त्यांतली बहुतेक मंडळी मुंबईत. संस्थेने गणपतीतच सभा लावली आणि चाकरमानी परतण्यापूर्वी सह्या पूर्ण केल्या. हे आम्हांला दहा वर्षांत जमले नव्हते.

पैशाच्या बाबतीत मात्र निराशा झाली. लोकवाटा, म्हणजे गावकऱ्यांनी भरायची वर्गणी, दर चुलीमागे सारखाच बसवला गेला. खालच्या अंगाला कलमांची बाग आणि पंप असलेल्याने जेवढे दिले, तेवढेच जमीन नसलेल्या घरानेही दिले. वास्तविक, पाणलोट प्रकल्पांच्या २००८ च्या मार्गदर्शक सूचनांत खासगी जमिनीवरील कामाच्या खर्चापैकी किमान १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमाती व अल्पभूधारकांकडून ५ टक्के वाटा घेऊन तो पुढील देखभालीच्या निधीत टाकण्याची तरतूद होती. तसा विचार येथे झाला नाही. श्रमदान बहुतांशी बायकांनी केले, पण वहीत नावे घरच्या कर्त्या पुरुषांची आहेत!

ही संस्था जरूर बोलवावी, मात्र वाटा कोणी किती द्यायचा आणि देखभाल कोणी करायची, हे करारात आधी लिहून घ्यावे. आमच्या बंधाऱ्याच्या फळ्यांमधली गळती थांबवणाऱ्या रबरी पट्ट्या पहिल्याच वर्षी झिजल्या. त्याबद्दल विचारले असता तो ग्रामपंचायतीचा विषय असल्याचे उत्तर मिळाले, आणि ग्रामपंचायत संस्थेकडे बोट दाखवते. काढलेल्या फळ्या तूर्त आमच्या पडवीत रचून ठेवल्या आहेत.