बॅकअप कशात घ्यायचा: फाइल हिस्ट्री, ड्राइव्ह, डुप्लिकाटी की वीम?

कोल्हापुरात उद्यमनगरातलं वर्कशॉप असो की लक्ष्मीपुरीतली पेढी, बॅकअपचं विचारलं की ड्रॉवरमधून पेनड्राइव्ह बाहेर येतो. तो कुणीतरी आठवणीनं लावायचा असतो आणि मार्चअखेरच्या धांदलीत नेमकं तेच राहतं. आपोआप होणारंच काहीतरी हवं.

विंडोजमधली फाइल हिस्ट्री फुकट आहे. बाहेरची हार्ड डिस्क जोडून चालू केली की ती दर तासाला बदललेल्या फायलींची प्रत ठेवते. दुपारी कुणी कोटेशन बिघडवलं तर सकाळचं परत मिळतं. गोम अशी की ती डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे ठरावीक फोल्डरच बघते. टॅली या हिशेबाच्या प्रोग्रॅमचा डेटा बऱ्याचदा पब्लिक फोल्डरमध्ये असतो. तो विंडोजच्या लायब्ररीत, म्हणजे हिस्ट्री बघते त्या फोल्डरांच्या यादीत, घातला नाही तर हिस्ट्रीला त्याचा पत्ताच नसतो. मशीन लावून देणाऱ्याला हे आवर्जून विचारा.

शिवाय डिस्क त्याच टेबलावर. 2019 आणि 2021 ला पंचगंगेचं पाणी शाहूपुरी, व्हीनस कॉर्नरपर्यंत आलं होतं. खालच्या मजल्यावर कॉम्प्युटर आणि डिस्क दोन्ही एकाच पाण्यात.

मग इंटरनेटवरचा ड्राइव्ह? गुगल 15 जीबी फुकट देतं, पण त्यातच जीमेल आणि फोटो. वनड्राइव्ह 5 जीबी. लग्नाचे फोटो काढणाऱ्याला हे एका लग्नालाही पुरायचं नाही. आणि मुळात हे सिंक आहे. इथं फाइल पुसली की तिथूनही जाते, ड्राइव्हच्या ट्रॅशमध्ये 30 दिवस राहते. महिन्यानं लक्षात आलं तर संपलं. पत्रं, बिलं यांच्यासाठी ठीक, हिशेबासाठी नको.

हिशेबाला माझी पसंती डुप्लिकाटी या बॅकअपच्या प्रोग्रॅमला. फुकट, ओपन सोर्स, कुठलाही फोल्डर निवडता येतो. फायली पासवर्डनं कुलूपबंद करून क्लाउडवर, म्हणजे इंटरनेटवरच्या साठ्यात पाठवतं, पहिल्या खेपेनंतर फक्त बदललेला भाग जातो, जुन्या आवृत्त्याही राहतात. पहिली खेप मात्र रात्री लावा. पासवर्ड कागदावर लिहून घरी ठेवा. तो हरवला तर डेटा कुणालाच उघडता येणार नाही. स्क्रीन जरा किचकट आहे, एकदा जाणकाराला बसवावंच लागतं.

वीम एजंटची फुकट आवृत्ती अख्ख्या मशीनची प्रत घेते. डिस्क बंद पडली तर नव्या डिस्कवर विंडोज, टॅली, प्रिंटरची सेटिंगं सगळं जसंच्या तसं परत येतं. एकाच मशीनवर धंदा चालतो त्यांनी हे घ्यावं, पण डिस्क दोन ठेवाव्यात, आलटून पालटून एक घरी न्यावी.

पेढीला डुप्लिकाटी, फोटोवाल्याला वीम आणि दोन मोठ्या डिस्क. निवड कुठलीही करा, बसवून देणाऱ्याला पैसे देण्याआधी त्याच्याकडून एक जुनं बिल बॅकअपमधून उघडून घ्या.