दोष नटच्या खाचेत होता, बदलले मात्र ट्यूनर आणि ब्रिज

माझ्या इलेक्ट्रिक गिटारची जीची, म्हणजे बारीक बाजूने तिसरी, तार सुरात राहत नव्हती. एवढ्याशा तक्रारीपायी मी तीन वेळा एकाच दुरुस्तीवाल्याकडे गेले. तिन्ही वेळा त्याने काहीतरी नवं काम काढलं, पैसे घेतले, आणि आज माझ्या गिटारच्या हेडस्टॉकची (ट्यूनर, म्हणजे तारा ताणायच्या खुंट्या, बसतात त्या टोकाची) सहाही भोकं कायमची मोठी झालेली आहेत. खरा बिघाड नटच्या, म्हणजे हेडस्टॉकजवळ तारा ज्या खाचांच्या पट्टीवरून जातात तिच्या, खाचेत होता. तो त्याला पहिल्या दिवशीच कळला होता, हे मला फार उशिरा समजलं.

गिटार स्ट्रॅटोकास्टर पद्धतीची, सहा स्क्रूंवर झुलणाऱ्या ट्रेमोलोची, म्हणजे बार (दांडी) दाबून सूर उतरवता येतो अशा ब्रिजची. ब्रिज म्हणजे तारांची दुसरी टोकं अडकवलेला भाग. वर्षानुवर्षं तारांचा 9 चा संच (सर्वांत बारीक तार 0.009 इंचाची) लावून वाजवत होते. आवाज जरा भरदार हवा म्हणून 11 चा जाड संच घातला आणि तिथून सगळं सुरू झालं. जीची तार बेंड करून, म्हणजे बोटाने बाजूला ओढून, सोडली की सूर किंचित उतरलेला. बार खाली दाबून सोडला की तीच तार चढलेली. डीचंही थोडंफार तसंच. सूर लावताना ट्यूनर फिरवत जावं, सूर दाखवणाऱ्या यंत्राचा काटा जागचा हलू नये, आणि मग एकदम बारीकसा ‘टिंग’ आवाज होऊन सूर पुढे उडी मारावा. तो आवाज मी रोज ऐकत होते. त्याचा अर्थ मात्र मला माहीत नव्हता.

दुरुस्तीवाल्याने गिटार हातात घेतली, दोन-तीन बेंड मारले, आणि लगेच म्हणाला, “ट्यूनर घसरतायत मॅडम. गिअर झिजलेत. लॉकिंग ट्यूनर टाका, प्रश्नच मिटेल.” लॉकिंग ट्यूनर म्हणजे तार आतच पकडून धरणारे. मला ते पटलं. तार ट्यूनरला गुंडाळलेली असते, तर सैल तीच होणार, असा साधा विचार केला. ट्यूनरची रचना माहीत असती तर तिथेच थांबले असते. त्यात एक आटेदार दांडा आणि एक दात्यांचं चाक असतं. दांडा चाकाला फिरवतो, पण चाक दांड्याला उलटं फिरवू शकत नाही. त्यामुळे तार कितीही ओढली तरी धड असलेला ट्यूनर आपोआप मागे फिरत नाही. माझे ट्यूनर अगदी धड होते.

नवे ट्यूनर बसवायला त्याने हेडस्टॉकची भोकं मोठी केली. हे करण्याआधी मला विचारलं नाही. गिटार घ्यायला गेले तेव्हा त्याच्यासमोरच वाजवून पाहिली. बेंड केले, बार दाबला, तार जिथल्या तिथे परत. मी समाधानाने पैसे दिले आणि घरी आले.

दोन-अडीच आठवड्यांत ‘टिंग’ परत आला.

दुसऱ्या खेपेला त्याने ब्रिज बदलला. स्क्रूजवळची धार झिजली आहे, म्हणून ट्रेमोलो जागेवर परत येत नाही, असं कारण सांगितलं. असं होतं हेही खरं, म्हणून मी वाद घातला नाही. पण ब्रिज जागेवर आला नाही तर सहाही तारा एकदम बिघडतील, एकट्या जी-डीच्या नाहीत, आणि बारला हात न लावता नुसत्या बेंडने सूर का उतरावा? हा प्रश्न मी विचारायला हवा होता. पुन्हा काही दिवस गिटार छान राहिली, पुन्हा बिघडली. तिसऱ्या वेळी नेक, म्हणजे गिटारची मान, वाकल्याचं निदान झालं. नेकला थोडं पुढेमागे केलं, दोन फ्रेट (मानेवरच्या धातूच्या पट्ट्या) घासल्या, आणि पुन्हा तेच. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

शेवटी एका जुन्या वादकांकडे गेले. आम्ही सगळे त्यांना काका म्हणतो. त्यांनी एकही हत्यार घेतलं नाही. आधी जीची तार बेंड करून सोडली. काटा खाली. मग नट आणि ट्यूनर यांच्यामधला तारेचा तुकडा बोटाने दाबून सोडला. काटा मध्यावर! मग बार दाबून सोडला. आता काटा वर. तीच तार परत एकदा बेंड केली आणि काटा खाली आला. “तार खाचेत चिकटते आहे, बाळा,” ते म्हणाले. बेंड करताना ट्यूनरकडची थोडी तार खाचेतून पुढे ओढली जाते आणि घट्ट खाचेमुळे मागे जाऊ शकत नाही, म्हणून सूर उतरतो. बार दाबला की उलटं होतं. तार ट्यूनरकडे सरकते आणि तिथेच अडकते, म्हणून सूर चढतो. ‘टिंग’ म्हणजे अडकलेली तार सुटल्याचा आवाज. 9 च्या संचात जी 0.016 इंचाची असते, 11 च्या संचात 0.018, आणि डी 0.024 वरून 0.028 वर जाते. खाचा मात्र जुन्या मापाच्याच होत्या.

मग त्यांनी तार सैल करून खाचेतून उचलली, भिंग धरलं आणि मला बघायला सांगितलं. जी आणि डीच्या खाचांच्या कडेला काळपट, चिकट थर बसला होता, धूळ धरलेला. बाकीच्या चार खाचा कोरड्या. “हे वंगण तू लावलंस का?” मी कधीच लावलं नव्हतं. गिटारला हात लागला होता तो फक्त त्याच माणसाचा. म्हणजे त्याला नेमक्या कुठल्या दोन खाचा अडकतात हे ठाऊक होतं. दर वेळी तिथे थोडं वंगण लावायचं, त्यावर गिटार काही दिवस चालायची, आणि बिल मात्र ट्यूनरचं, ब्रिजचं, नेकचं. ते काळं पाहून माझे हात थरथरले. या गिटारवर मी शिकले आहे.

काकांनी तारेच्या मापाची नट-कानस घेऊन दोन्ही खाचा केसभर रुंद केल्या, तळाला हेडस्टॉककडे हलका उतार दिला. खोली मुद्दाम वाढवली नाही, नाहीतर मोकळी तार पहिल्या फ्रेटवर खरखरते. वरून मऊ पेन्सिलीचं ग्रॅफाइट चोळलं. अर्ध्या तासाचं काम. त्यानंतर गिटार सुरात आहे.

मी त्या दुरुस्तीवाल्याला जाऊन विचारलं. “वंगण सगळेच लावतात,” एवढंच उत्तर मिळालं. मग ते बिलात का नव्हतं, मला सांगितलं का नाही, यावर तो गप्प. माझे मूळ ट्यूनर मागितले, तर “भंगारात गेले”.

तुमची तार अशी पळत असेल तर कुणाकडे जाण्याआधी स्वतः पाहा. नव्या तारा हाताने नीट ताणून घेतल्या आहेत का, साध्या ट्यूनरवर दोन-तीन व्यवस्थित वेढे आहेत का, सूर नेहमी खालून वर चढवत लावता का. एवढं करून नटमागची तार दाबण्याची चाचणी करा. फरक पडला तर ट्यूनरचं नावही कुणाला काढू देऊ नका. आणि बाराव्या फ्रेटचा सूर मोकळ्या तारेशी जुळत नसेल तर तो इंटोनेशनचा वेगळा विषय आहे. तो ब्रिजच्या सॅडलवर, म्हणजे तार टेकते त्या सरकत्या तुकड्यावर, सुटतो. दोन्हींची सरमिसळ करून कामं वाढवणारे भेटतात.

दुरुस्तीला टाकताना समोर बसून दोष दाखवायला सांगा, देण्याआधी नट, ब्रिज आणि हेडस्टॉकच्या मागची बाजू यांचे फोटो काढून ठेवा, आणि काढलेला प्रत्येक भाग पिशवीत घालून परत मागा. लाकडाला ड्रिल लावायचं असेल तर लेखी होकाराशिवाय नाही. माझ्या हेडस्टॉकमागे जुन्या ट्यूनरच्या स्क्रूंची बारीक छिद्रं अजून तशीच आहेत. मूळ मापाचे ट्यूनर पुन्हा बसवायचे तर आता आधी सहाही भोकांत कन्व्हर्जन बुशिंग, म्हणजे भोक लहान करणाऱ्या कड्या, घालाव्या लागतील.