क्रॅकडाऊन: नशा करणाऱ्यांनीच चालवलेला पॉडकास्ट, आणि मराठीत असं रेडिओ स्टेशन निघालं तर त्यावर काय काय हवं

नशेवरचा कार्यक्रम म्हटलं की आपल्याकडे सगळं आधीच ठरलेलं असतं. एक डॉक्टर, एक पोलीस अधिकारी, आणि शेवटची पाच मिनिटं एक सुधारलेला माणूस, जो रडतो आणि म्हणतो माझ्यासारखं करू नका. त्या माणसाला कोणी विचारत नाही की तुला कुठलं औषध दिलं होतं, ते पुरत होतं का, पोलिसांनी पकडलं तेव्हा काय झालं, बायकोने घर कसं चालवलं. तो फक्त रडायला बोलावलेला असतो. म्हणून कॅनडातल्या व्हँकुव्हरचा क्रॅकडाऊन हा पॉडकास्ट ऐकायला लागले तेव्हा पहिल्या एपिसोडलाच बसल्या जागी थांबले, कारण इथे माइकच त्यांच्या हातात आहे.

जानेवारी २०१९ मध्ये सुरू झाला. होस्ट गार्थ मलिन्स, स्वतः अनेक वर्षं हेरॉइन घेतलेला, आता मेथाडोनवर, म्हणजे हेरॉइनऐवजी डॉक्टर देतात त्या औषधावर, असलेला माणूस, संगीतकार आणि कार्यकर्ता. त्याच्यामागे एक संपादक मंडळ आहे आणि ते मंडळ म्हणजे शहरातले नशा करणारे किंवा पूर्वी करणारे लोकच, बरेचसे व्हँडू नावाच्या त्यांच्या स्वतःच्या संघटनेतले, ती संघटना १९९० च्या दशकाच्या शेवटी उभी राहिली. ते स्वतःला युद्धवार्ताहर म्हणवतात, म्हणजे ड्रग्जविरुद्ध सरकारने जे युद्ध पुकारलंय त्याच्या बातम्या ज्यांच्यावर ते युद्ध चाललंय तेच देणार. आणि हे नुसतं म्हणायला नाही, मंडळातले काही जण पॉडकास्ट चालू असतानाच वारले, त्यांच्या आठवणी त्याच फीडवर ऐकायला मिळतात, त्यामुळे ऐकताना सतत जाणवतं की हे बाहेरून कोणी बघून सांगत नाहीये.

थोडी पार्श्वभूमी सांगते, नाहीतर निम्मं डोक्यावरून जाईल. व्हँकुव्हरमध्ये सप्टेंबर २००३ मध्ये इनसाइट नावाचं केंद्र उघडलं, तिथे माणूस स्वतः आणलेलं ड्रग नर्सच्या देखरेखीखाली, स्वच्छ सुई घेऊन टोचू शकतो. उत्तर अमेरिकेतलं पहिलं कायदेशीर केंद्र. केंद्र सरकारने ते बंद करायचा प्रयत्न केला, प्रकरण कॅनडाच्या सुप्रीम कोर्टात गेलं आणि २०११ मध्ये कोर्टाने ते चालू ठेवायला सांगितलं. तिथे ओव्हरडोस होतात पण मदत शेजारीच असल्यामुळे माणूस वाचतो. मग फेंटानिल आलं, हेरॉइनपेक्षा कितीतरी पटींनी तीव्र असं ड्रग. एप्रिल २०१६ मध्ये ब्रिटिश कोलंबिया प्रांताने आरोग्य आणीबाणी जाहीर केली आणि २०२३ या एका वर्षात त्या प्रांतात २,५०० हून जास्त माणसं विषारी ड्रग्जमुळे गेली. त्याच वर्षी ३१ जानेवारीपासून, तीन वर्षांचा प्रयोग म्हणून, अडीच ग्रॅमपर्यंत ड्रग जवळ बाळगणं तिथे गुन्हा राहिलं नाही, पण २०२४ च्या मे महिन्यात सार्वजनिक जागांपुरतं ते परत गुन्ह्यात आलं. यातल्या २०१९ नंतरच्या गोष्टी घडत असताना पॉडकास्ट चालू होता.

मला सगळ्यात आवडलेला एपिसोड दुसरा, मेथाडोनवरचा. विषय ऐकायला इतका कोरडा की सरकारी परिपत्रक वाटावं. २०१४ मध्ये प्रांताने जुनं मेथाडोन बंद करून मेथाडोज नावाचं दहापट तीव्र द्रावण आणलं. कागदावर तेच औषध, तेवढेच मिलिग्रॅम. पण पेशंट सांगायला लागले की हे चोवीस तास टिकत नाही, पहाटेच अंग दुखायला लागतं, घाम फुटतो. कोणी ऐकलं नाही, कारण नशा करणाऱ्याच्या तक्रारीवर कोण विश्वास ठेवणार, त्याला जास्त हवं असेल म्हणून बोलतोय असंच धरलं जातं. आणि बरेच जण परत रस्त्यावरच्या हेरॉइनकडे वळले, नेमक्या त्याच काळात ज्या काळात त्यात फेंटानिल यायला लागलं होतं. हा एपिसोड कुठल्याही डॉक्टरला करता आला नसता, कारण मुळात प्रश्न आहे हेच ज्याला कळलं तो पेशंट होता. माझ्यासाठी अख्ख्या पॉडकास्टची किंमत या एका गोष्टीत आहे.

आवाजाचं कामही मनापासून केलंय. संगीत ठसठशीत आहे पण रडवायला लावलेलं नाही. गार्थचा आवाज खरखरीत आणि संथ, घाई नाही. रागावतो तेव्हा खरंच रागावलेला असतो.

आता न आवडलेलं. एक तर नावं आणि संस्थांची लघुरूपं इतकी येतात की व्हँकुव्हरबाहेरच्या माणसाला मध्येच दम लागतो. दुसरं, एपिसोड कधी येईल याचा नेम नाही. तिसरं जास्त महत्त्वाचं आहे, घरच्यांचा आवाज फार कमी आहे. तिथे एकटी राहणारी माणसं जास्त असतील, पण आपल्याकडे एक माणूस व्यसनात गेला की आई, बायको, भाऊ, शाळेतली मुलगी सगळे त्यात ओढले जातात, आणि त्यांनाही सांगायचं खूप असतं. चौथं, पूर्ण सोडा म्हणणाऱ्या रिहॅबविषयी या पॉडकास्टचा सूर बराच कडक आहे. त्याची कारणं मला पटतात, डिटॉक्सनंतर शरीराची सवय मोडलेली असते आणि माणूस घसरला तर जुना डोस त्याला मारू शकतो, हे खरंच आहे. पण पुण्यात मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडून वर्षानुवर्षं नीट राहिलेली माणसं मी जवळून बघितलीयत, त्यामुळे तो रस्ता नकोच असं मला म्हणता येणार नाही. दोन्ही रस्ते उघडे हवेत, आणि कोणाला कुठला चालेल ते त्या माणसाला धरून ठरावं.

हे ऐकल्यापासून डोक्यात एकच चाललंय, मराठीत असं एक अख्खं स्टेशन असतं तर दिवसभर काय लावलं असतं. कम्युनिटी रेडिओचं लायसन्स २००६ पासून संस्थांनाही मिळतं, म्हसवडला माणदेशी तरंग आहे, पुणे विद्यापीठाचं विद्यावाणी आहे, म्हणजे गोष्ट आकाशातली नाही. स्वतःच्या बातम्या देता येत नाहीत, ठीक आहे, बातम्या नकोच आहेत. कारण बातम्यांमध्ये काय असतं? किलो आणि कोटी. फेब्रुवारी २०२४ मध्ये कुरकुंभ एमआयडीसीत एमडीचा, म्हणजे मेफेड्रोन या ड्रगचा, प्रचंड साठा सापडला, हजारो कोटींचे आकडे दिवसरात्र टीव्हीवर होते, पण एमडी घेणाऱ्या पोराला किती रात्री झोप येत नाही, त्याला संशयाने कसं पछाडतं, उतरल्यावर काय वाटतं, आणि घरच्यांनी त्या वेळी काय करायचं, हे कोणी दोन मिनिटंही सांगितलं नाही.

सकाळचा पहिला तास मी व्यसन सोडलेल्या लोकांना देईन. भाषण नको, कोणीतरी नुसतं सांगायचं की कालचा दिवस कसा गेला, पगार हातात आला तेव्हा पाय कुठे वळत होते, लग्नाच्या वरातीत मित्रांनी ग्लास पुढे केला तेव्हा काय बोललो. एएच्या, म्हणजे अल्कोहोलिक्स अॅनॉनिमसच्या, मीटिंगला गेलेल्यांना हे बोलणं माहितीय, बाहेरच्यांनी ते कधी ऐकलेलंच नसतं.

दुपारी, बायका जरा मोकळ्या असतात तेव्हा, घरच्यांचा कार्यक्रम. मुक्तांगणमध्ये पेशंटच्या बायकांसाठी सहचरी नावाचा गट चालतो, त्यात जे बोललं जातं तसं मोकळं बोलणं रेडिओवर हवं. त्याला पैसे द्यायचे की नाही, दार उघडायचं की नाही, सासूला काय सांगायचं. मुक्तांगणची स्वतःची गोष्टही तिथे सांगता येईल, गर्दवर, म्हणजे ब्राउन शुगरवर, अनिल अवचटांनी लेखमाला लिहिली, ती वाचून पुल आणि सुनीताबाईंनी पैसे देऊ केले, डॉ. अनिता अवचटांनी जबाबदारी घेतली आणि १९८६ मध्ये येरवड्याच्या मेंटल हॉस्पिटलच्या आवारात केंद्र सुरू झालं.

मग औषधांचा तास, आणि त्यासाठी डॉक्टरसोबत एक अनुभवी पेशंट बसलाच पाहिजे, एकटा डॉक्टर नको. यात सांगायच्या गोष्टी अशा आहेत ज्यांनी जीव वाचतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एका दिवसात स्वतःच्या मनाने बंद केली तर फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो, माणूस दगावू शकतो, म्हणून बंद करताना डॉक्टर हवा. मालेगावात कुत्ता गोळी म्हणून जी विकली जाते त्या अल्प्राझोलामचंही तसंच आहे, अचानक तोडलं तर फिट्स. गर्द किंवा तत्सम काही घेतलेला माणूस घोरल्यासारखा श्वास घेतोय, ओठ निळे पडलेत, हाक मारून उठत नाही, तर त्याला झोपू द्या सकाळी उतरेल असं म्हणून सोडायचं नाही, कुशीवर वळवायचं आणि लगेच अॅम्ब्युलन्स बोलवायची. नॅलॉक्सोन नावाचं औषध हा परिणाम उलटवतं, व्हँकुव्हरमध्ये ते सामान्य माणसाच्या पिशवीत असतं, इथे बऱ्याच जणांनी नावही ऐकलेलं नाही. अशी माहिती दिली की लोक नशा शिकतील असा आक्षेप येईल, मला माहितीय, पण नशा शिकायला कोणी रेडिओची वाट बघत नाही, शेवटच्या बाकावरचा मित्र पुरतो.

कायद्याचा कार्यक्रम आठवड्यातून एकदा तरी हवाच. अमली पदार्थांविरुद्धचा एनडीपीएस कायदा १९८५ चा. त्यात कलम ६४-अ आहे, म्हणजे थोड्या प्रमाणात ड्रग सापडलेला किंवा सेवन केलेला व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त केंद्रात उपचाराला तयार झाला तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते, उपचार मात्र पूर्ण करावे लागतात. किती आईबापांना हे माहितीय? पोरगा पकडला गेला की ते आधी ओळखीचा हवालदार शोधतात. थोडं प्रमाण म्हणजे किती तेही ठरलेलं आहे, हेरॉइन पाच ग्रॅम, चरस शंभर ग्रॅम, गांजा एक किलो. भांग या केंद्रीय कायद्यात येत नाही, म्हणून महाशिवरात्रीला ती चालते आणि त्याच झाडाचा गांजा मात्र तुरुंगात नेतो. एखादा वकील हे साध्या भाषेत सांगेल तर लोक कामं टाकून ऐकतील.

संध्याकाळी आडवी बाटली. नाव आधीच तयार आहे. गावातल्या बायका दारूचं दुकान बंद करायला मतदान करतात, उभी बाटली की आडवी बाटली, आणि एकूण महिला मतदारांपैकी निम्म्याहून जास्त जणींनी आडवीवर शिक्का मारला तर दुकान बंद. या निवडणुकांची धावती कॉमेंट्री मला रेडिओवर ऐकायचीय. आणि त्याच कार्यक्रमात दारूबंदीवर खरा वाद, वर्ध्यात १९७० च्या दशकापासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून, चंद्रपूरला २०१५ मध्ये आली आणि २०२१ मध्ये उठली. तिन्ही जिल्ह्यांतल्या बायकांना एकाच फोनलाइनवर आणा. गडचिरोलीच्या आदिवासी घरात मोहाची दारू पूजेला लागते, तिचं काय करायचं हेही त्यांनीच बोलावं. मुंबईत बसून कोणी ठरवू नये.

इतिहासाचा तास मी स्वतः कान लावून ऐकेन. माळव्याची अफू मुंबई बंदरातून चीनला जायची आणि त्या व्यापारातून शहरातले मोठे मोठे धनिक उभे राहिले, सर जमशेटजी जीजीभॉय त्यातलेच, ज्यांच्या नावाचं जेजे हॉस्पिटल १८४५ मध्ये सुरू झालं आणि आज तिथे व्यसनाचे पेशंटही येतात. गिरणगावातल्या बाया पाळीवर जाताना तान्ह्या पोराला अफूची बाळगोळी देऊन झोपवायच्या, कारण सांभाळायला घरात कोणी नसायचं. नशा म्हणजे आजकालच्या पोरांना झालेला रोग असं ज्यांना वाटतं त्यांनी हे ऐकायला पाहिजे.

रात्री अकरानंतर फोन-इन, नाव न विचारता. तलफ रात्री जास्त छळते आणि तेव्हा बोलायला कोणी जागं नसतं. समोर बसणारा माणूस त्यातून गेलेलाच हवा, निवेदक म्हणून आवाज गोड नसला तरी चालेल. मध्ये गाणी, भजनं, लावणी, फोन करणारा म्हणेल ते.

एक अट मात्र मी कधीच सोडणार नाही, कार्यक्रम ठरवणाऱ्या मंडळात निम्मे लोक व्यसनातून गेलेले किंवा अजून त्यात असलेले आणि उरलेल्यांत घरच्यांना जागा हवीच. क्रॅकडाऊनकडे पहिली गोष्ट आहे, दुसरी नाही.

ज्यांना ऐकायचाय त्यांच्यासाठी: फुकट आहे, पॉडकास्टच्या सगळ्या मोठ्या अॅपवर मिळतो, इंग्रजीत आहे पण बोलणं साधं आहे. पहिले दोन एपिसोड ओळीने ऐका, मग हवं तिथे उडी मारा. भाषा शिवराळ आहे आणि मृत्यूंबद्दल थेट बोलतात, त्यामुळे घरात नुकतंच असं काही झालं असेल तर थोडं थांबा. आणि आत्ताच कोणाशी बोलायची गरज असेल तर सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आहे, फोन फुकट लागतो.