एस्टोनिया की फिनलंड: मॉस्कोच्या शेजारात कोणाचं बरं झालं?

फिनलंडची राजधानी हेलसिंकी आणि एस्टोनियाची राजधानी टॅलिन यांच्यात समुद्र जेमतेम ८० किलोमीटरचा. पण १९४० मध्ये सोव्हिएत संघाने एस्टोनिया अख्खाच गिळला. फिनलंड लढला, व्हिबोर्ग शहरासकट कारेलिया या सीमाप्रांताचा मोठा तुकडा गेला, चार लाखांवर माणसं घरदार सोडून आली. देश मात्र राहिला. पुढे १९४८ चा सोव्हिएत संघाशी मैत्री करार झाला आणि मॉस्कोबद्दल तोंड सांभाळून बोलणं आलं. याला काही जण मिंधेपणा म्हणतात. म्हणोत बापडे! टॅलिनमध्ये लोक अँटेना लावून फिनिश टीव्ही बघत आणि जाहिरातींतल्या भरलेल्या दुकानांकडे डोळे लावून बसत. एस्टोनिया सुटला थेट १९९१ मध्ये. नाटोत मात्र तोच आधी गेला, २००४ ला. फिनलंड २०२३ ला.