सेसोथो शिकवणारं ॲप: मासेरूत काही महिने वापरून

नवऱ्याची नोकरी मासेरूत, त्यामुळे मुक्काम लेसोथोत; चहूबाजूंनी दक्षिण आफ्रिकेने वेढलेला हा छोटा देश, मासेरू त्याची राजधानी. मॉलमध्ये इंग्रजीवर निभतं, पण भाजीवालीपाशी आणि फोर-प्लस-वन (चार प्रवासी अधिक चालक) टॅक्सीत सेसोथो या इथल्या भाषेशिवाय मजा नाही. म्हणून हे ॲप घेतलं.

आवाज खऱ्या माणसांचे आहेत आणि हळू करून ऐकता येतात, हे उत्तम. 'उ फेला ज्वांग?' म्हणजे 'कसे आहात?' यातला फ आपल्या 'फळ'मधला, ओठ मिटून म्हणायचा. 'त्सामाया' (जा) यातला त्स जवळपास 'चाका'तल्या च सारखा. इंग्रजी बोलणाऱ्यांना हे समजवायला ॲपने धडेच्या धडे घातलेत, ते मी सरळ वगळले. वही देवनागरीतच ठेवली.

खटकलं ते स्पेलिंग. ॲप दक्षिण आफ्रिकेतल्या पद्धतीने लिहितं. सीमेवरची मोहोकारे नदी ओलांडून लेसोथोत आलं की भाषा तीच, पण लिखाण वेगळं. इथे पाटीवर 'लुमेला' लिहितात आणि वाचतात 'दुमेला', म्हणजे 'नमस्कार'. 'लिसेन्ते' लिहिलं तरी म्हणायचं 'दिसेन्ते', म्हणजे सुटे पैसे. इ-उच्या आधीचा ल इथे द होतो, ही एक ओळ ॲपमध्ये कुठेही नाही.

त्याहून मोठी उणीव म्हणजे ॲप नुसतं 'दुमेला' शिकवतं. इथे ते कोरडं वाटतं, काका-मावशी न लावता हाक मारावी तसं. मोठ्या पुरुषाला 'दुमेला न्ताते' (बाबा), बाईला 'दुमेला म्मे' (आई), तरुणांना आउसी (ताई) किंवा अबुती (दादा), चारचौघं असतील तर 'दुमेलांग'. मग खुशाली विचारायची, 'के फेला हान्त्ले' (मी बरी आहे) म्हणायचं, समोरच्याची खुशाली ऐकायची आणि त्यानंतर टोमॅटोचा भाव. ॲपने हा सगळा संवाद सुट्या कार्डांत तोडलाय. माझी भाजीवाली म्मे तर खुशाली झाल्याशिवाय तराजूला हातच लावत नाही!

निरोप मात्र छान शिकवलाय. निघणारा 'साला हान्त्ले' (नीट राहा) म्हणतो, थांबणारा 'त्सामाया हान्त्ले' (नीट जा).

आकड्यांवर वेळ घालवू नका. बारा म्हणजे 'लेशोमे ले मेत्सो ए म्मेदी', एवढं लांबण कोण लावणार? बाजारात भाव बहुतेक इंग्रजीतच सांगतात. 'के बोकाए?' म्हणजे 'केवढ्याला?', तेवढं पुरतं.

पैसे भरून पुढचा भाग उघडला, तर त्यात विमानतळ आणि हॉटेलच. मोरोहो (पालेभाजी), पापा (मक्याच्या पिठाचा घट्ट शिजवलेला गोळा) हे रोजचे शब्द बाजारातच मिळाले. फुकटातला पहिला भाग जरूर घ्या, पुढचे पैसे भाजीला ठेवा.