संशोधकाच्या रकान्यात भामट्याचा फोन नंबर

१७,३४८ रुपये गेले. आधी १,४९९, मग ६,९९९, मग ८,८५०. आकडा सुरुवातीलाच सांगून टाकते, कारण ज्याला सांगावं तो पहिल्यांदा हेच विचारतो आणि ऐकल्यावर ‘एवढेच ना?’ असा चेहरा करतो. लाखांत गेले असते तर निदान बातमी झाली असती. आणि गेले कशावर? वंशावळीच्या सॉफ्टवेअरची सेटिंग्ज लावून घेण्यावर. ते सॉफ्टवेअर मुळात फुकट आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, पुढे वाचा मात्र नीट. माझ्या पैशांपेक्षा वाईट गोष्ट पुढे आहे.

सॉफ्टवेअर ग्रॅम्प्स. त्याचा या सगळ्यात काडीचाही दोष नाही, हे आधी स्पष्ट करते. आमच्या घराण्याची माहिती मी एका जुन्या प्रोग्रॅममध्ये भरून ठेवली होती. ती गेडकॉम फाइल करून (वंशावळ एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची फाइल) ग्रॅम्प्समध्ये घेतली, तर देवनागरीतल्या सगळ्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हं उमटली. चारशेच्या वर माणसं आणि सगळ्यांचं नाव ‘????’. तारखा नीट, नाती नीट, फक्त नावं गायब. ज्याने हे काम हाताने केलंय त्याला कळेल तेव्हा डोकं कसं फिरतं ते.

आता माहीत आहे म्हणून सांगते. जुन्या प्रोग्रॅममधून फाइल काढताना अक्षरसंच ‘अ‍ॅन्सी’ राहिला होता. त्यात देवनागरीला जागाच नाही, म्हणून प्रत्येक अक्षराच्या जागी प्रश्नचिन्ह लिहिलं गेलं. अशा फाइलमधून नावं परत आणता येत नाहीत. कोणी आणून देतो म्हणाला तर फोन तिथेच ठेवा. जुना प्रोग्रॅम उघडून तीच फाइल यूटीएफ-८ (देवनागरीही मावते असा अक्षरसंच) निवडून पुन्हा काढायची, बस. मोजून दोन मिनिटांचं काम, ज्याचे मी १,४९९ मोजले.

पुढचा खेळ तुम्हाला पाठ असेल. मदतीसाठी शोधलं, सगळ्यात वर जाहिरात, त्यात सॉफ्टवेअरचं नाव, झाडाचं चित्र आणि ‘सपोर्ट’चा नंबर. फोनवर स्वच्छ मराठी. “ताई, काळजी करू नका, एक छोटं अ‍ॅप घ्या.” स्क्रीन त्याच्या ताब्यात. मग विंडोजचा इव्हेंट व्ह्यूअर, म्हणजे कॉम्प्युटरच्या बारीकसारीक नोंदींची वही, उघडून लाल खुणा दाखवल्या. त्या लाल खुणा धडधाकट कॉम्प्युटरवरही असतात, तुमच्याही असतील, आत्ता उघडून बघा.

मी अडाणी नाही, हे लिहिल्याशिवाय मला राहवत नाही. आयुष्यभर कॉम्प्युटरवर हिशेब केले आहेत. ओटीपी कोणाला दिलेला नाही, याही वेळी दिला नाही. लॉटरी, अडकलेलं पार्सल, बंद पडणारी वीजजोडणी असले फोन मी दोन वाक्यांत कापते. पण त्या फोनना मी ओळखते कारण ते आपल्याकडे येतात. इथे फोन मी केला होता. अडचण खरी होती, माझी होती, आणि पलीकडच्या माणसाला ‘सोर्स’, ‘सायटेशन’, ‘मीडिया’ हे या सॉफ्टवेअरमधले शब्द येत होते. सगळ्या सूचना ‘अनोळखी फोन घेऊ नका’ असं सांगतात. आपणच लावलेल्या फोनबद्दल कोण बोलतं?

तरी एक क्षण होता. तो रोज आठवतो आणि रोज संताप येतो.

१,४९९ भरून झाले होते. त्याने काहीतरी फाइल चालवली, प्रश्नचिन्हं तशीच. मग म्हणाला, “ताई, प्रॉब्लेम वेगळाच आहे. तुमचा गेडकॉम एक्सपायर झालाय.”

गेडकॉम एक्सपायर! गेडकॉम म्हणजे वंशावळीची माहिती एका प्रोग्रॅममधून दुसऱ्यात न्यायची फाइल कशी लिहायची याचा ठरलेला नमुना. १९८४ पासून आहे. बहुतेक प्रोग्रॅम अजून ५.५.१ या आवृत्तीवर चालतात, ती १९९९ ची, नवी ७.० आली २०२१ मध्ये. ती फाइल नोटपॅडमध्ये उघडली तर साधा मजकूर दिसतो, शून्य, एक, दोन असे आकडे आणि पुढे नाव, जन्म, विवाह. साध्या मजकुराची मुदत संपते? मी ती फाइल नोटपॅडमध्ये उघडून पाहिलेली होती. मला हे माहीत होतं! आणि तरी त्या क्षणी मी काय विचारलं, तर “रिन्यू करायला किती?” तो म्हणाला, वर्षाचे २,९९९, लाइफटाइम ६,९९९, लाइफटाइमच घ्या, ताई. मी लाइफटाइम घेतला. वर त्याने सवलत दिली असं वाटून आभारही मानले.

समोर, त्याच खिडकीत, ‘हेल्प’ मेनूखाली ‘अबाउट’ होतं. तिथे परवाना लिहिलेला असतो. जीपीएल. म्हणजे वापरा, वाटा, बदला, मुदत नाही, रिन्यूअल नाही. दोन क्लिकवर. त्याचा माउस त्या मेनूजवळून चार वेळा गेला असेल.

तुमचं सॉफ्टवेअर कोणतंही असो, परवान्याचे पैसे मागितले की आधी ते ‘अबाउट’ उघडा. आणि ग्रॅम्प्स स्वयंसेवक चालवतात, त्याला फोनवरची हेल्पलाइन नाही. नंबर दिसला की तो खोटा, इतकं सोपं गणित आहे.

तिसरा हप्ता हा त्याच्या कौशल्याचा नमुना. ‘लायसन्स’ लावताना तो प्रेफरन्सेसमध्ये, म्हणजे सेटिंग्जमध्ये, शिरला आणि माझे फोटो गेले. आजीचा एकुलता एक फोटो, जुनी पत्रं, जन्मदाखले, मी स्कॅन करून जोडलेलं सगळं. प्रत्येकाच्या जागी ‘फाइल सापडत नाही’ची खूण. मी अक्षरशः ओरडले. तो शांत. “जुन्या व्हायरसने मीडिया करप्ट केलाय. रिकव्हरी होईल. ७,५०० आणि १,३५० टॅक्स.” म्हणजे ८,८५०. टॅक्सही लावला, बघा. पक्कं बिल पाठवलं पीडीएफमध्ये. भरले. थोड्या वेळाने फोटो परत आले आणि मी रडले, आनंदाने.

त्याने केलं काय होतं? ग्रॅम्प्समध्ये फोटोंचा मूळ मार्ग कुठला, हे सांगणारी एक ओळ असते. फोटो प्रोग्रॅमच्या पोटात नसतात, डिस्कवर फोल्डरमध्ये असतात. प्रोग्रॅमकडे फक्त पत्ता असतो. ती ओळ त्याने बदलून रिकाम्या फोल्डरकडे वळवली. पैसे मिळाल्यावर पुन्हा होती तशी केली. फोटो पूर्ण वेळ जागच्या जागी होते. हे मला नंतर भाचीने दाखवलं, अर्ध्या मिनिटात, आणि वर म्हणाली, “मावशी, तू फोल्डर तरी उघडून बघायचास.” बघायचा होता, गं. पण स्क्रीन त्याच्या हातात होती आणि तो म्हणत होता, ताई, काही हात लावू नका, डेटा उडेल.

तर सेटिंग्ज पाहायला शिका. मूळ मार्गाची ओळ कागदावर लिहून ठेवा. फोटोंसकट बॅकअप हवा असेल तर ग्रॅम्प्सचं जीपीकेजी पॅकेज काढा. नुसत्या गेडकॉम ५.५.१ मध्ये फोटो येत नाहीत, फक्त त्यांचे पत्ते येतात.

आणि नेमकं हेच पुढे नडलं.

नावं मी शेवटी पुन्हा भरायला घेतली (यूटीएफ-८ ची गोष्ट तोपर्यंत माहीत नव्हती, काय सांगू). पूर्ण झाल्यावर गेडकॉम काढून मोठ्या हौसेने नातेवाइकांना पाठवला. काही आठवड्यांनी आतेभावाचा फोन. “तुझ्या माणसाने काम छान केलं हं. फोटो दिसत नव्हते, लगेच आणून दिले. ३,९९९ घेतले, पण ठीक आहे.”

माझा माणूस?

प्रेफरन्सेसमध्ये ‘संशोधक’ म्हणून एक भाग असतो. नाव, पत्ता, फोन, ईमेल. मी तो कधीच भरला नव्हता, बहुतेक कोणी भरत नाही. त्या भामट्याने भरला. आपल्या ‘कंपनी’चं नाव, आपला नंबर. तिथली माहिती तुम्ही काढलेल्या प्रत्येक गेडकॉममध्ये, फाइल कोणी पाठवली या नोंदीत जाते. म्हणजे माझ्याच हाताने, माझ्याच नावावरच्या विश्वासाने, त्याची जाहिरात घराण्यातल्या प्रत्येक घरी पोचली. आतेभावाला फोटो दिसले नाहीत, कारण गेडकॉममध्ये ते येतच नाहीत. त्याने फाइलची माहिती पाहिली, नंबर सापडला, फिरवला. दादा वयाने मोठा, रागावला असता तर बरं वाटलं असतं. तो उलट माझीच समजूत घालत बसला.

इथून तक्रारींची कहाणी.

बँक म्हणाली, पिन तुम्ही टाकलात, व्यवहार तुम्ही मंजूर केलात, ही फसवणूक नव्हे, हा ‘सेवेबाबतचा वाद’ आहे. बिल आहे ना तुमच्याकडे? हो, आहे. मग सेवा मिळाली. माझं पीडीएफ माझ्याच विरुद्ध पुरावा झालं. पेमेंट अ‍ॅपने तिकीट उघडलं आणि मी एक अक्षर लिहिण्याआधी ‘समाधान झाले’ म्हणून बंद केलं, वर सेवेला किती तारे देणार असं विचारलं. जाहिरात दाखवणाऱ्यांचं उत्तर आलं की ही जाहिरात आमच्या धोरणात बसते. कोणत्या धोरणात, ते विचारायला माणूस नाही, फक्त फॉर्म, आणि त्या फॉर्मचं उत्तर म्हणजे पहिलं उत्तर.

पोलिसांत ऑनलाइन तक्रार करताना प्रकार निवडायचा असतो. कर्ज, नोकरी, लग्न, गुंतवणूक. यातलं काहीच नाही. ‘इतर’ निवडलं तर जोडपत्र मागतात, जोडपत्र जोडलं तर आकार मोठा. प्रत्यक्ष गेले तर साहेब म्हणाले, “वंशावळ म्हणजे वारसाचा वाद आहे का? तो दिवाणी असतो.” नाही हो, सॉफ्टवेअर आहे. “मग सॉफ्टवेअर कंपनीवर तक्रार करा.” कंपनी नाहीये, फुकट आहे ते. “फुकट आहे तर पैसे कशाचे भरलेत?” या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि ते त्यांनाही समजलं, आणि बाजूच्या टेबलावरचा हसला. शिकलेल्या दिसता, असंही ऐकवलं. जणू न शिकलेलीला लुबाडलं असतं तर त्यांनी धाव घेतली असती.

सगळ्यात चीड कशाची आली सांगू? मी त्यांना सांगत होते की पैसे सोडा, त्या माणसाच्या हातात माझ्या घराण्याची माहिती आहे. ‘बॅकअप घेतो’ म्हणत त्याने एक एक्स्पोर्ट काढला होता, ती खिडकी मी डोळ्यांनी पाहिली. हयात माणसांच्या जन्मतारखा, आयांची माहेरची आडनावं, कोण कुठे राहतं. बँका ओळख पटवायला आईचं माहेरचं नाव विचारतात, आणि आम्ही ते चारशे जणांचं नीट मांडून ठेवलेलं. उत्तर मिळालं, “नुकसान रुपयांत सांगा, रकाना रुपयांचा आहे.”

म्हणून एक्स्पोर्टच्या खिडकीत थांबा. ‘खासगी’ खूण केलेल्या नोंदी वगळा, हयात माणसांची माहिती झाका, दोन्ही पर्याय तिथे असतात. मृत्यूची नोंद नसेल तर ग्रॅम्प्स ठरावीक वयापर्यंत माणसाला हयात समजतं. ती मर्यादा ठरलेली असते ११० वर्षांची, कमी करू नका. पणजोबा ‘हयात’ दिसले तर दिसू देत.

आणि ‘संशोधक’चा भाग आज उघडा. रिकामा असेल तर स्वतःचं नाव टाका. कोणाकडून गेडकॉम आला असेल तर नोटपॅडमध्ये उघडून ‘SUBM’ (एसयूबीएम, फाइल पाठवणाऱ्याच्या नोंदीची खूण) शोधा, शेवटच्या शोधापर्यंत, आणि तिथला फोन ओळखीचा आहे का पाहा. नातेवाइकांनो, माझ्या फाइलमध्ये भामट्याचा नंबर सापडला तर तो लावू नका, ती नोंद पुसा, नवी फाइल मी सगळ्यांना पाठवली आहे. नंबर अजून चालू आहे. जाहिरातही, आता दुसऱ्या एका वंशावळीच्या प्रोग्रॅमच्या नावाने.

आतेभावाचे ३,९९९ माझ्याच तक्रारीत जोडा म्हटलं तर चालत नाही. त्याची बँक वेगळी, म्हणून तक्रार वेगळी, क्रमांक वेगळा, आणि भामटा तोच आहे हे आम्ही दोघांनी स्वतंत्रपणे सिद्ध करायचं.